आधी सुई, मग यंत्र

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वार्षिकांकासाठी मी कशावर लिहिणार हे कळले तेव्हा संपादक मंडळातली माझी मैत्रीण मोठ्याने हसली. "अगं, परीक्षापद्धती आहे, बेकारी आहे, पाण्याचा प्रश्न आहे, मोबाइलचे वेड आहे. एवढे विषय सोडून तू रेकॉर्ड प्लेअरच्या सुईवर लिहिणार? ती सुई बघतो कोण?" तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. ती सुई खरोखरच कोणी बघत नाही. आणि कोणी बघत नाही, हेच तर मला सांगायचे आहे.

माझे मत मी सुरुवातीलाच मांडते. ज्यांच्याजवळ जुन्या तबकड्या आहेत, मग ते एखादे घर असो, वाचनालय असो की आमच्यासारखे महाविद्यालय असो, त्यांनी यंत्र, पेटी आणि स्पीकर ह्या सर्वांच्या आधी कार्ट्रिज व त्याची सुई ह्यांचा विचार करावा. आणि ती निवड किमतीकडे बघून नव्हे, तर आपल्याजवळच्या तबकडीकडे बघून करावी. हे मत मी कोणत्या पुस्तकातून उचललेले नाही. एका चांगल्या तबकडीचा माझ्या हातून नाश झाला, तेव्हा ते मला सुचले.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, शिवणकाम करतात. घरात गाणे म्हणजे दुकानातला रेडिओ. तबकडी मी चित्रातच पाहिलेली होती. गेल्या वर्षी 'कमवा व शिका' योजनेत मला ग्रंथालयात काम मिळाले आणि त्याच सुमारास गावातल्या एका दिवंगत शिक्षकांच्या कुटुंबीयांनी त्यांचा तबकड्यांचा संग्रह आमच्या महाविद्यालयाला भेट दिला. एकूण २१४ तबकड्या. त्यातल्या ९० लाखेच्या, जड, मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या. बाकीच्या एलपी आणि लहान ईपी. त्यांची नोंद करण्याचे काम ग्रंथपाल सरांनी माझ्याकडे दिले. नाट्यगीते, अभंग, पोवाडे, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी. नावे लिहिता लिहिताच मला त्यांचे वेड लागले.

तबकड्या आल्या म्हणून त्या वाजवायला यंत्र आले. ऑनलाइन मागवलेली सुंदर निळ्या रंगाची पेटी, तिच्यातच स्पीकर. पेटीवर ३३, ४५ आणि ७८ असे तीन वेग लिहिलेले होते. तीन वेग आहेत, म्हणजे तिन्ही प्रकारच्या तबकड्या त्यावर चालतात, असा सरळ अर्थ आम्ही सर्वांनी काढला. आमची पहिली चूक ती.

मी लाखेच्या तबकड्यांपासून आरंभ केला. तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येई आणि त्याच्यामागे कुठेतरी दूर गायिका गात असे. सगळे म्हणत, "जुन्या आहेत, अशाच वाजणार." मलाही ते पटले. नोंदवहीत प्रत्येक तबकडीपुढे 'स्थिती' असा रकाना होता. त्यात मी इमानेइतबारे 'खराब' असे लिहीत गेले. चाळीस तबकड्यांपुढे मी 'खराब' लिहिले, हे आज सांगताना मला लाज वाटते.

मग मी एलपीकडे वळले. भीमसेन जोशींच्या अभंगांची एक एलपी मला इतकी आवडली, की ग्रंथालय बंद करण्यापूर्वी तिची एक बाजू ऐकल्याशिवाय मला घरी जावेसे वाटेना. महिनाभरात तिच्या शेवटच्या अभंगातले 'स' आणि 'च' फाटू लागले. नंतर सगळीच बाजू खरखरू लागली. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आम्ही श्रवणाचा कार्यक्रम ठेवला. ज्यांचा हा संग्रह, त्या शिक्षकांच्या कन्या मुद्दाम आल्या होत्या. त्यांच्या वडिलांची आवडती म्हणून तीच एलपी मी लावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि निघताना एवढेच म्हणाल्या, "बाबा लावायचे तेव्हा असा आवाज यायचा नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

घरी जाऊन मी अण्णांना सगळे सांगितले. ते ब्लाउजला हुक लावत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "सुई कितवी हाय?"

मला उत्तर देता येईना. वर्षभरात हा प्रश्न आम्हांला कोणीच विचारला नव्हता. दुकानदाराने नाही, सांस्कृतिक समितीने नाही, आणि मी स्वतःलाही नाही. अण्णांनी मशीनच्या खणातून सुयांची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. रेशमी कापडाला अकरा नंबर, साध्या सुतीला चौदा, जाड कापडाला सोळा, जीन्सला अठरा. "जीन्सवर चालवून टोक गेलेली सुई रेशमावर धरलीस, तर धागे ओढणारच. कापड चांगलं असून उपयोग काय? मशीन एकच असतंय पोरी, सुई कापड बघून बदलायची असते."

ह्या एका वाक्याने माझा अभ्यास सुरू झाला. पुढे जे वाचले आणि पाहिले ते थोडक्यात सांगते, कारण त्यावाचून माझे मत नुसतेच मत राहील.

तबकडीवर जी रेषा दिसते ती एक खाच असते. खाचेच्या भिंती नागमोडी असतात आणि त्या नागमोडीतच आवाज साठवलेला असतो. ७८ ची खाच रुंद, एलपीची खाच बारीक. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली, तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे गाणे मावले ते खाच बारीक केल्यामुळे आणि वेग कमी केल्यामुळे. म्हणून ७८ साठी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे तीन सहस्रांश इंच, म्हणजे ७५ मायक्रॉन लागते, तर स्टीरिओ एलपीसाठी साधारण १८ मायक्रॉन. एक चौपट जाड, एक चौपट बारीक. एलपीची सुई ७८ च्या खाचेत ठेवली, की ती भिंतींवर टेकतच नाही; तळाशी जाऊन पडते. तळाशी काय असते? वर्षानुवर्षांची धूळ आणि झिजलेली लाख. आम्ही ऐकत होतो ती तडतड तळाची होती. हिराबाई भिंतीवर होत्या आणि आमची सुई तळ खरवडत बसली होती!

एवढ्यावर भागले नाही. लाखेच्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. चावीच्या ग्रामोफोनच्या काळात सुई पोलादाची होती, डोक्याचा भार शंभर ग्रॅमच्याही वर होता, आणि त्या भुकटीवर घासून सुई खाचेच्या आकाराची व्हावी अशीच योजना होती. म्हणून तर एक बाजू वाजली की सुई फेकून द्यायची रीत होती आणि सुयांच्या डब्या दुकानात मिळत. आम्ही त्याच खडबडीत लाखेवर एलपीची नाजूक सुई दोन महिने चालवली. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातल्या मैत्रिणीने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा टोक गोल राहिलेच नव्हते. छिन्नीसारखी सपाट कड तयार झाली होती. ती छिन्नी मी रोज संध्याकाळी भीमसेनजींच्या अभंगांवर चालवीत होते. प्रेमाने चालवीत होते, एवढाच काय तो फरक.

आता कार्ट्रिजविषयी. यंत्राच्या हाताच्या टोकाला बसवलेली पेरभर डबी म्हणजे कार्ट्रिज. तिच्या खालून एक केसासारखी दांडी निघते आणि दांडीच्या टोकाला हिऱ्याचा किंवा नीलमण्याचा कण असतो. खाचेच्या वळणांनी कण थरथरतो, दांडी थरथरते आणि डबीत त्या थरथरीची वीज होते. वीज तयार करण्याच्या मुख्य तऱ्हा तीन.

पहिली क्रिस्टल किंवा सिरॅमिकची. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निघते, त्याचा हा उपयोग. वीज भरपूर निघते, म्हणून पुढचे यंत्र स्वस्त चालते. स्वस्त रेकॉर्ड प्लेअरमध्ये हीच तऱ्हा असे आणि आजच्या स्वस्त पेट्यांतही असते. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल क्षार वापरत. तो दमट हवेत खराब होतो. चार महिने पाऊस पाहणाऱ्या आपल्या मुलखात माळ्यावरच्या जुन्या यंत्राची थाळी फिरते पण आवाज येत नाही, त्याला हे एक कारण असू शकते. सिरॅमिकला ओलाव्याचे भय नाही. पण दांडी ताठ असते आणि भार जास्त लागतो. आमच्या पेटीतला भार मी अण्णांच्या दुकानाशेजारच्या सराफांच्या काट्यावर मोजला. साडेपाच ग्रॅम भरला.

दुसरी तऱ्हा फिरत्या चुंबकाची. दांडीच्या आतल्या टोकाला चिमुकले चुंबक आणि शेजारी तारेची वेटोळी. वीज अगदी थोडी, चार-पाच मिलिव्होल्ट; म्हणून मध्ये फोनो प्रीअँप लागतो. पण दांडी मऊ असते आणि भार दीड-दोन ग्रॅम पुरतो. सगळ्यांत मोठा गुण असा, की सुईचा भाग बोटांनी ओढून काढता येतो व नवा बसवता येतो.

तिसरी तऱ्हा फिरत्या वेटोळ्याची. तिचे जाणकार तिची फार स्तुती करतात आणि ती खोटी नसेल. जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी १९६० च्या दशकात तयार झालेले डेनॉनचे डीएल-१०३ ह्याच जातीचे. पण त्यातून वीज निघते फक्त ०.३ मिलिव्होल्ट, म्हणजे आणखी एक वर्धक आला. आणि बहुतेकांची सुई घरी बदलता येत नाही. झिजली की सगळी डबीच कारागिराकडे पाठवावी लागते.

ह्या तिन्हींतून निवडायचे कसे? मी दोन ठिकाणी सल्ला विचारला. एक म्हणाले, "सुई ती सुई, कोणतीही बसवा." दुसरे म्हणाले, "परवडेल त्यातले सगळ्यांत महाग घ्या." हे दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण मला दोन्ही सारखेच वाटले. दोघांनीही माझी तबकडी पाहिली नव्हती. बारावीनंतर मला जे सल्ले मिळाले तेही ह्याच जातीचे होते. कोणी म्हणे कोणतीही शाखा घे, शिक्षण ते शिक्षण. कोणी म्हणे ज्या शाखेची फी सगळ्यांत जास्त ती चांगली. मुलीला काय येते आणि काय आवडते, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. असो.

माझ्या मते निवड करणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, तबकडी कोणती? केवळ नव्या स्टीरिओ एलपी असतील तर अंडाकृती टोकाची सुई चांगली. त्याचे कारण आहे. ३३ च्या वेगाने फिरणाऱ्या एलपीवर बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते, तर आतल्या शेवटच्या गाण्याला जेमतेम २१ सेंटिमीटर. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. तिथली बारीक वळणे गोल टोकाला नीट घेता येत नाहीत. अंडाकृती टोक भिंतीला अरुंद बाजूने टेकते म्हणून ते घेते. माझे 'स' आणि 'च' शेवटच्या अभंगात आधी का फाटले ते आता कळते. मात्र लाखेच्या तबकड्या असतील तर तीन सहस्रांशाची स्वतंत्र सुई हवीच. तिथे तडजोड नाही.

दुसरा प्रश्न, हात कोणता? ज्या यंत्राच्या हाताला मागे वजन नाही आणि भार कमीजास्त करता येत नाही, त्याला उत्तम कार्ट्रिज लावणे म्हणजे बैलगाडीला मोटारीचे चाक लावणे. आणि फार मऊ दांडीचे कार्ट्रिज जड हाताला लावले, तर तबकडीच्या किंचितशा वाकडेपणावरही सुई नाचते. हात व कार्ट्रिज ही जोडी जमावी लागते.

तिसरा प्रश्न, पुढे काय आहे? प्रीअँप नसेल तर चुंबकाचे कार्ट्रिज मुके. हा प्रीअँप आवाज नुसता वाढवत नाही. तबकडी कोरताना खर्ज कमी व तार स्वर जास्त करून कोरतात, तो तोल तो पुन्हा सरळ करतो.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो कोणीच विचारत नाही. ही सुई झिजली की दुसरी मिळेल का? अमेरिकेतल्या शुअर कंपनीची कार्ट्रिजे जगभर नावाजलेली होती. त्यांचे व्ही-१५ हे १९६४ साली आले. त्याच कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज बनवणे बंद केले. आता त्यांना लागणाऱ्या सुया दुसरे लोक करतात म्हणून ती वाजतात. तेव्हा कार्ट्रिज घेणे म्हणजे एक वस्तू घेणे नव्हे. पुढच्या दहा सुयांशी नाते जोडणे आहे.

सुई किती दिवस टिकते? गोल टोकाच्या हिऱ्याला साधारण पाचशे तास धरतात. अंडाकृतीला काही उत्पादक त्याहूनही कमी सांगतात. पाचशे तास म्हणजे किती, ह्याचा मी हिशेब केला. एलपीच्या वीस मिनिटांच्या एका बाजूची खाच उलगडली तर सुमारे ४३० मीटर भरते. पाचशे तासांत अशा पंधराशे बाजू होतात, म्हणजे जवळजवळ ६४५ किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर ही वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे एक सुई आपल्या आयुष्यात अडीच वेळा ती वाट चालते, तीही अनवाणी. तिला बदलायला आपण कंटाळा करावा?

हे सारे कागदावरचे झाले. मला प्रत्यक्ष ऐकायचे होते. मे महिन्याच्या सुटीत तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका संग्राहकांनी आम्हांला बोलावले. मी 'खराब' लिहिलेल्या तबकड्यांपैकी तीन घेऊन गेले. बरोबर अण्णा होते. त्या गृहस्थांकडे चुंबकाचे एक मध्यम किमतीचे कार्ट्रिज होते. त्यांनी आधी एलपीची सुई ठेवूनच क्षणभर हिराबाई लावल्या. तीच ओळखीची तडतड! मग त्यांनी हात उचलला, सुईचा भाग बोटांनी ओढून काढला, तीन सहस्रांशाचा बसवला, भार पाच ग्रॅम केला आणि दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करण्याचे बटण दाबले. यंत्र तेच, स्पीकर तेच, तबकडी तीच. आणि हिराबाई समोर येऊन बसल्या. तडतड सगळी गेली असे मी म्हणणार नाही. पण ती मागे सरली आणि बाई पुढे आल्या. श्वास घेतलेला कळत होता.

अण्णा गाण्यातले जाणकार नाहीत. ते डोळे मिटून ऐकत होते. गाणे संपले तेव्हा म्हणाले, "आता बसली सुई."

परत आल्यावर मी नोंदवही उघडली आणि त्या तीन तबकड्यांपुढचा 'खराब' हा शब्द खोडला. बाकीच्या सदतीस तबकड्यांपुढे मी प्रश्नचिन्ह केले आहे. त्या खराब आहेत की नाहीत हे योग्य सुई लावल्याखेरीज मला म्हणता येणार नाही. दोष तबकडीचा की सुईचा, हे न तपासता शेरा मारणे ही सोपी गोष्ट आहे. अशी घाई माणसांच्या बाबतीतही होते. पण तो विषय मी वाचकांवर सोपवते.

आता आक्षेपांकडे वळते. माझे मित्र म्हणतात, "हे सगळे मोबाइलवर फुकट मिळते. कशाला हवी तबकडी आणि कशाला हवी सुई?" ह्यात थोडे सत्य आहे. मीही मोबाइलवर ऐकते. पण दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली अशी, की सगळे तिथे नाही. आमच्या संग्रहातली काही गाणी मी शोधूनही मला मिळाली नाहीत. आणि दुसरी अशी, की मोबाइलवर जी जुनी तबकडी ऐकू येते तीही आधी कोणत्यातरी सुईखालून गेलेली असते. कोणीतरी, कुठेतरी, तिच्यासाठी एक सुई निवडली. ती चुकीची निवडली असेल, तर ती चूक त्या गाण्याला कायमची चिकटली. उद्या आमच्या तबकड्यांचे संगणकीकरण करायचे म्हटले, तरी पहिला प्रश्न तोच राहील. सुई कितवी आहे?

दुसरा आक्षेप पैशाचा. तो खरा आहे आणि त्याला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. आमच्या समितीपुढे सध्या असा प्रस्ताव आहे, की निळी पेटी तशीच ठेवून मोठे, दिव्यांचे स्पीकर घ्यावेत. संमेलनाला उपयोगी पडतील हे मान्य. पण झिजलेल्या सुईचा आवाज मोठ्या स्पीकरमधून ऐकला तर तो मोठा होईल, चांगला होणार नाही. माझी सूचना अशी. भार जुळवता येईल असा हात आणि ७८ चा वेग असलेले यंत्र घ्यावे. जुने पण धड असले तरी चालेल. त्यावर सुया बदलता येणारे चुंबकाचे कार्ट्रिज बसवावे. उदाहरण द्यायचे तर ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच डबीला गोल, अंडाकृती आणि ७८ ची अशा सर्व सुया बसतात. अशी दुसरीही असतील. सुरुवातीला गोल टोकाची एक आणि ७८ ची एक अशा दोनच सुया घ्याव्यात. अंडाकृतीची एवढी स्तुती करून मी गोल का म्हणते? कारण कार्ट्रिज बसवताना कोन किंचित चुकला तरी गोल टोक सांभाळून घेते. आमचे हात अजून शिकाऊ आहेत. हात बसले की अंडाकृती आणू; डबी बदलावी लागणार नाही. प्रीअँप साधा चालेल. स्पीकर ग्रंथालयात पडून असलेले जुनेच वापरू.

खर्च न होणाऱ्या दोन गोष्टीही सांगते. एक, प्रत्येक सुईच्या तासांची वही ठेवावी. दोन, लाखेची तबकडी कधीही स्पिरिटने पुसू नये. सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतात. तेव्हा गाणेच पुसले जाईल.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्या प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. पृथ्वीवरचे निवडक संगीत तिच्यात आहे आणि त्या निवडीत आपल्या गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. दुसऱ्या यानाने पृथ्वी सोडल्यानंतर काही दिवसांतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज अजून पुढे पुढे चाललेला आहे. पण मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. तबकडी पाठवणाऱ्यांनी तिच्यासोबत एक कार्ट्रिज आणि सुईही ठेवली आहे, आणि ती कशी वापरायची ह्याच्या खुणा आवरणावर कोरल्या आहेत. तबकडी कोणाच्या हाती पडेल, त्यांना कान असतील की नसतील, काहीच ठाऊक नव्हते. तरी सुई द्यायला ते विसरले नाहीत.

आणि आम्ही? एका शिक्षकाने आयुष्यभर जमवलेल्या २१४ तबकड्या स्वीकारताना आम्ही हार घातला, छायाचित्र काढले, आभार मानले. सुई कितवी आहे ते मात्र विचारले नाही.

ती अभंगांची एलपी आता पूर्ववत होणार नाही. खाच एकदा खरवडली की भरून येत नाही. तिच्याबद्दल मी त्या शिक्षकांच्या कन्येची ह्या पानांवरून क्षमा मागते. परंतु उरलेल्या तबकड्या अजून आमच्या हातात आहेत. नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात सांस्कृतिक समितीने स्पीकरच्या आधी सुईची ओळ लिहावी, एवढी माझी नम्र विनंती आहे. तासांची वही मी आणून ठेवली आहे. अण्णांनी तिला खाकी कापडाचे कव्हर शिवून दिले आहे. पहिले पान अजून कोरे आहे.

ते लवकर भरो, असे म्हणून मी लेखणी खाली ठेवते.